तुकडा

दोस्तहो, सातबारा वाचता येतो का तुम्हाला? राग मानू नका, सवाल साधा आहे. आपण बुद्ध वाचतो, मार्क्स वाचतो, बाबासाहेबांचे खंड उशाशी घेऊन झोपतो. दलित म्हणायचं की बौद्ध म्हणायचं यावर रात्र रात्र भांडतो. पण बापाच्या नावचा सातबारा कुणी हातात दिला तर तो उलटा धरलाय की सुलटा, तेही आपल्याला कळत नाही. त्या कागदावर 'इतर अधिकार' नावाचा एक रकाना असतो. आपल्या पुष्कळांच्या उताऱ्यावर त्या रकान्यात एकच शब्द लिहिलेला असतो. तुकडा.

हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी दारोदार फिरून मागितला तो तुकडाच. गावकी केली, सांगावे नेले, मेलेली ढोरं ओढली, आणि त्याच्या बदल्यात वरून टाकलेला भाकरतुकडा पदरात घेतला. 14 ऑक्टोबर 1956 नंतर आपल्या माणसांनी ती झोळी उकिरड्यावर फेकली. भाकरीचा तुकडा सोडला आणि जमिनीचा तुकडा धरला. गायरानात दगड वेचले, कुसळं उपटली, माळाचं वावर केलं. तर सरकारनं त्याच्यावर फिरून तोच शब्द मारला. पूर्वी गाव म्हणायचं, घे तुकडा आणि नीघ. आता कचेरी म्हणते, तुझा तुकडा आहे म्हणून तुला काही करता येणार नाही.

हा कायदा 1947 चा. मुंबई राज्यातला. जमिनीचे तुकडे पाडायला बंदी आणि जमिनींचं एकत्रीकरण. पुढे आपल्या मराठवाड्यालाही तो लागला. सरकार एक 'प्रमाणभूत क्षेत्र' ठरवतं. त्याच्यापेक्षा कमी जमीन म्हणजे तुकडा. ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेनं जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे ठरवलेत. त्याच्या खाली वाटणी होईल असं खरेदीखत नाही, असं वाटप नाही, अशी फोड नाही.

ऐकायला बरं वाटतं. शेतीचे बारीक तुकडे झाले की औत वळत नाही, विहीर परवडत नाही, बांधातच जमीन जाते. कुणीही शहाणा माणूस मान डोलवील. पण कायद्याची पोटकलमं वाचा. कलम 7 म्हणतं, तुकडा विकायचा तर लगतच्या गटाच्या मालकालाच विकायचा. आता सांगा, आपल्या वावराच्या लगतचा मालक कोण आहे? ज्याच्या बापानं आपल्या बापाला सालगडी ठेवलं तो. ज्याचं कुंपण दरसाल हातभर आपल्याकडं सरकतं तो. गिऱ्हाईक एकच, आणि ते कायद्यानंच नेमून दिलेलं. मग भाव कोण ठरवणार?

आणि कलम 8-अअ. वाटप करताना तुकडा पडत असेल तर ज्याच्या वाट्याला तो येतो त्याला जमीन द्यायची नाही, पैसे द्यायचे. म्हणजे एका भावानं जमीन घ्यावी आणि बाकीच्यांना त्यांच्या हिश्श्याची रक्कम मोजावी. पन्नास एकराच्या वाड्यात हे जमत असेल. ज्याच्या घरात दिवाळीच्या आधी उचल घेऊन कोयता खांद्यावर टाकावा लागतो, त्यानं भावाला रक्कम कुठून मोजायची? मुकादमाकडून आणखी एक उचल घेऊन?

माझ्याच घरचा हिशेब मांडतो, कारण तो मला तोंडपाठ आहे. वडिलांच्या नावावर दीड एकर. दीड एकर म्हणजे 60 गुंठे. आम्ही तीन भाऊ आणि एक बहीण. चौघांना 15-15 गुंठे. जमीन जिरायत. जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटपाचा अर्ज केला. चौघांची संमती, वारसाचा फेरफार, नकाशा, सगळं जोडलं. टेबलामागच्या माणसानं कागद चाळले आणि म्हणाला, "भाऊ, तुकडा होतोय की. असं कसं फोडून देता येईल?" मी म्हणालो, साहेब, मग चौघांची नावं एकाच उताऱ्यावर राहणार. पीककर्ज काढायचं तर चौघांच्या सह्या. पीकविमा, अनुदान, विहीर, प्रत्येक कागदाला चौघांच्या सह्या. दोघं भाऊ कर्नाटकातल्या कारखान्याच्या फडावर, बहीण सासरी, सह्या आणू कुठून? तो म्हणाला, "तुमच्या घरातलं तुम्ही मिटवा."

घरातलं घरात मिटत नाही, दोस्तहो. एका उताऱ्यावर चार नावं राहिली की बांधावर कुऱ्हाडी निघतात. भाऊ भावाचा वैरी होतो, आणि मग गावातले शहाणे म्हणतात, बघा, ह्यांना जमीन पचत नाही. भांडण लावतो कागद आणि बदनाम होते जात.

आता दुसरी बाजू बघा. बीडच्या, अंबाजोगाईच्या, परळीच्या, माजलगावच्या बाहेर पडा. रस्त्याच्या दोन्ही अंगाला काळ्या रानात पांढरे दगड रोवलेत. कमानी उभ्या आहेत. 17 सप्टेंबर 2025 ला अहिल्यानगर-बीड रेल्वे सुरू झाली, आणि रूळ येण्याच्या कितीतरी आधी प्लॉटिंगवाले आले होते. ती काळी जमीन दहा-दहा एकराची होती. तिचे गुंठा-गुंठा तुकडे पडले. मग त्यांना तुकडेबंदी का नाही?

कारण त्यांच्याकडे मंजुरीचा रस्ता आहे. आर्किटेक्टकडून रेखांकन काढायचं, मोजणी करायची, नगररचनाकडून ते तपासून घ्यायचं, अकृषिक आकारणी भरायची, रस्ते सोडायचे, एक एकराच्या आसपास किंवा त्याहून मोठी जागा असेल तर दहा टक्के खुली जागा सोडायची. शहरात नगर परिषद, खेड्यात महसूल खातं. अंतिम मंजुरी झाली की प्रत्येक प्लॉटचा वेगळा उतारा. मी हा रस्ता वाईट म्हणत नाही. नळ, गटार, रस्ता नसलेल्या वस्तीत आपलीच माणसं चिखल तुडवतात. माझं म्हणणं वेगळं आहे. या रस्त्यानं जायला आधी अखंड मोठी जमीन पाहिजे, आर्किटेक्टला द्यायला पैसा पाहिजे आणि वर्षभर थांबायला पोट भरलेलं पाहिजे. ज्याच्याकडे अख्खी भाकर आहे त्याला तुकडे पाडायची परवानगी. ज्याच्याकडे मुळात तुकडाच आहे त्याला तुकड्याची बंदी.

आणि ज्यांनी परवानगीच घेतली नाही त्यांचं काय झालं? तेही बघा. 2001 साली गुंठेवारीचा कायदा आला, परवाना नसलेली गुंठेवारी दंड घेऊन नियमित करायला. त्याची तारीख 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली. तुकडेबंदी मोडून झालेले व्यवहार बाजारभावाच्या 25 टक्के भरून नियमित करायची सोय 2017 साली झाली. 25 टक्के जड जातात म्हणून ऑक्टोबर 2024 मध्ये ते 5 टक्के केले. पाचही जड झाले, म्हणून नोव्हेंबर 2025 च्या अध्यादेशानं 15 नोव्हेंबर 1965 पासून 15 ऑक्टोबर 2024 पर्यंतचे रहिवासी पट्ट्यातले तुकडे फुकट नियमित करायचं ठरलं. मधल्या काळात 12 जुलै 2021 च्या परिपत्रकानं मंजूर रेखांकनाशिवाय एक-दोन गुंठ्यांचे दस्त नोंदवायला मनाई केली होती. मे 2022 मध्ये औरंगाबाद खंडपीठानं ते परिपत्रक रद्द केलं.

यात गरीबही सुटले, खोटं कशाला बोलू. शहरात हमाली करून गुंठाभर घेतलेल्या आपल्या माणसाच्या नावावर आता घर होईल. चांगलं झालं. पण सवाल विचारा. घरबांधणीच्या तुकड्यासाठी सरकारनं आठ वर्षांत तीनदा कायदा वाकवला. पोट भरायच्या तुकड्यासाठी, बापाच्या 60 गुंठ्यांच्या चार वाट्यांसाठी, एकदा तरी कुणी हात वर केला का? विधानसभेतले आपले राखीव जागांवरचे आमदार तेव्हा काय करत होते?

काही विद्वान म्हणतील, तुम्ही भावनेनं बोलता. लहान शेती परवडत नाही हे अर्थशास्त्र आहे. मग अर्थशास्त्रानंच बोलू. बाबासाहेबांनी 1918 साली हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की जमीन लहान की मोठी यावरून ती परवडते की नाही ते ठरत नाही. तिच्यावर भांडवल किती, अवजारं किती, राबणारे हात किती, यावर ते ठरतं. शेतीवर माणसांचा भार जास्त आहे, उद्योग नाहीत, म्हणून तुकडे पडतात. रोग तिथं आहे. पुढे 1927 साली मुंबईच्या कायदेमंडळात लहान धारणांबाबतचं विधेयक आलं. बाबासाहेब त्याच्या विरोधात उभे राहिले. लहान शेतकऱ्याची जमीन जाऊन ती मोठ्याच्या घशात पडेल आणि भूमिहीनांची फौज उभी राहील, हा त्यांचा धोक्याचा इशारा होता. त्यांनी नुसता विरोध केला नाही, तोडही सांगितली. मालकी मोडू नका, लहान मालकांना एकत्र आणून सहकारानं कसा.

त्यानंतर वीस वर्षांनी, 1947 साली, त्याच बाबासाहेबांनी 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या मसुद्यात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून सामुदायिक शेतीची मागणी केली. आणि त्याच 1947 साली मुंबई सरकारनं तुकडेबंदी आणली. रोग एकच, इलाज दोन. बाबासाहेबांच्या इलाजात जमीन सगळ्यांची होत होती. सरकारच्या इलाजात ती लगतच्या मालकाची होत होती. सरकारनं कुठला घेतला ते आपण भोगतोय.

आता गायरान. बीड जिल्ह्यात हा विषय सोडून जमिनीबद्दल बोलणं म्हणजे ढोंग. 1953 साली शेड्युल्ड कास्ट फेडरेशननं मराठवाड्यात पडीक जमिनीसाठी सत्याग्रह केला, भाऊसाहेब मोरे त्यात पुढे होते. 6 डिसेंबर 1964 पासून दादासाहेब गायकवाडांनी देशभर तुरुंग भरले. 1978 च्या जुलैत नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं जळाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय निघाला. पुढे 28 नोव्हेंबर 1991 च्या निर्णयानं ती तारीख 14 एप्रिल 1990 पर्यंत आणली. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा मुहूर्त.

निर्णय मुंबईत निघाला, पण वावरात कोण उतरवणार? दुकडेगावच्या पोतराजाच्या पोरानं, एकनाथ आवाडांनी, आपल्या जिजांनी, ते काम अंगावर घेतलं. मानवी हक्क अभियानानं गावोगाव एकच गोष्ट शिकवली. कसत असाल तर पुरावा धरा. दंडाची पावती फेकू नका. गाव नमुना 1-ई ला, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत, नाव लावून घ्या. ज्या वहीत सरकार आपल्याला गुन्हेगार म्हणून लिहितं, तीच वही आपला हक्काचा पुरावा होते, हे अडाणी मायबहिणींना कळलं आणि शिकलेल्या आपल्याला अजून कळलं नाही. जिजा 2015 च्या मे महिन्यात गेले. पावत्या अजून पत्र्याच्या पेट्यांत आहेत. काही उंदरांनी खाल्ल्या.

28 जानेवारी 2011 ला सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग निकाल आला. गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं त्या धर्तीवर शासन निर्णय काढला. तेव्हापासून कुठलाही सरपंच उठतो आणि सुप्रीम कोर्टाचं नाव घेऊन आपल्या उभ्या पिकात ढोरं घालायची धमकी देतो. त्या निकालातच लिहिलंय, की भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना सरकारी अधिसूचनेखाली पट्टे दिले असतील तर ते अपवाद धरता येतील. हे वाक्य सरपंच वाचत नाही. तो वाचणार नाहीच. आपण का वाचलं नाही?

ज्यांना पट्टे मिळाले त्यांचीही सुटका नाही. जमीन भोगवटादार वर्ग-2 ची. हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी. पट्टा आजाच्या नावचा. आजा गेला, बाप गेला, आता नातवंडं पाच आणि वावर एक-दोन एकर. वारस लागतात, फोड लागत नाही. म्हणजे पुढच्या पिढीत तीस नावं एका उताऱ्यावर. तीस नावांची जमीन कुणाचीच नसते. ती लगतच्या मालकाची वाट बघत पडून राहते.

घराचंही तेच. 2015 साली सरकारनं योजना काढली, बेघराला 500 चौरस फूट जागा घ्यायला 50 हजार रुपये. गुंठा असतो 1089 चौरस फुटांचा. म्हणजे एक खातं म्हणतं, अर्धा गुंठाभर जागा घे, हे पैसे. दुसरं खातं म्हणतं, अर्धा गुंठा? तुकडा आहे, खरेदी होणार नाही. 2024 साली नियम बदलून घरकुलासाठी 1000 चौरस फुटांपर्यंतचा तुकडा जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीनं घ्यायची वाट केली. एवढं सुचायला आठ-नऊ वर्षं गेली. तोवर किती घरकुलं 'जागा नाही' म्हणून परत गेली, त्याचा हिशेब कोण देणार?

आणि 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजली. गावठाणाच्या रेषेच्या आत घर असेल त्याला मालमत्तेची सनद. पण आपला भीमनगर रेषेच्या बाहेर, गायरानाच्या कडेला. पूर्वी वेस होती, आता नकाशावरची रेष आहे. ड्रोन वरून उडालं, त्याला आपले पत्रे दिसले असतील. कागदाला दिसले नाहीत.

आता जरा घरात या. सगळी बोटं सरकारकडे दाखवून मोकळं होता येणार नाही. बाबासाहेबांनी 1951 साली हिंदू कोड बिलावरून मंत्रिपद लाथाडलं. बौद्धांनाही लागू असलेल्या वारसा कायद्यात महाराष्ट्रानं 1994 साली आणि केंद्रानं 2005 साली मुलीला बरोबरीचा हिस्सा दिला. आणि आपण? बाप मेल्याच्या तेराव्याला नाही म्हणतो, पण तेराव्या दिवशी बहिणीपुढं हक्कसोडपत्र धरतो. "आक्का, सही कर, तुला माहेर तुटायचं नाही." पाटलाच्या वाड्यात चालतं तेच. तुकडा होतो ही सबब तिथं आपल्यालाही फार सोयीची पडते. कचेरी आपल्याला जे सांगते, तेच आपण आक्काला सांगतो. ज्याला 14 एप्रिलला फेटा बांधून नाचायचंय, त्यानं आधी बहिणीचं नाव उताऱ्यावर लावावं.

आणखी एक सापळा. काही पोरं म्हणतात, हा कायदाच उडवा, ज्याला जसं विकायचं तसं विकू द्या. सावध राहा. बंदी सरसकट उठली की पहिल्या दुष्काळात, पहिल्या आजारपणात, पोरीच्या पहिल्या लग्नात गुंठा-गुंठा जमीन जाईल. प्लॉटिंगवाला रोख पैसे घेऊन दारात उभाच आहे. आपल्याला फोड पाहिजे, विक्री नको. वर्ग-2 ची अट काढा म्हणणारा आपला दोस्त नाही, दलाल आहे. नावं वेगळी, उतारे वेगळे, आणि कसणं एकत्र. पाच जणांची एक विहीर, एक बैलजोडी, एक ट्रॅक्टर. बाबासाहेबांनी 1927 साली सांगितलं ते हेच. आपण त्यांचा पुतळा गावोगाव उभा केला आणि ही एक गोष्ट त्याच्या पायाखाली पुरली.

म्हणून मागण्या लिहून घ्या. तहसीलसमोर बसताना कामाला येतील.

एक. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्धांच्या वारसांमधल्या वाटपाला तुकडेबंदीतून सूट द्या. फक्त वारसांमधल्या. बाहेरच्याला विकायला बंदी राहू द्या.

दोन. 1991 च्या निर्णयात बसणारी 1-ई ची प्रत्येक नोंद तपासून पट्टा द्या. पट्ट्यात नवऱ्याबरोबर बायकोचं नाव.

तीन. मोजणीची फी या जमिनींना माफ करा, आणि फोडीसोबत पोटहिश्श्याचा नकाशा हातात द्या.

चार. दलित वस्त्यांपर्यंत गावठाण वाढवा आणि सनदा द्या.

हे मागितल्यानं मिळणार नाही, हे मलाही कळतं. पण मागायच्या आधी एक काम आहे आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक तालुक्यातून दोन पोरं आणि दोन पोरी पुढं या. सातबारा, आठ-अ, फेरफार, 1-ई, आकारफोड, हे शब्द शिका. तलाठ्यापुढं ताठ बसून वही मागा. देत नसेल तर 2005 चा माहिती अधिकार आहे, दहा रुपयांचं तिकीट लावा आणि आपल्या गावच्या 1-ई ची नक्कल काढा. म्हाताऱ्यांच्या पेट्या उघडून दंडाच्या पावत्या बाहेर काढा आणि त्यांची झेरॉक्स करा. ही कामं भाषणाइतकी गोड नाहीत, यात फोटोही निघत नाही.

आष्टी, पाटोदा, शिरूर, गेवराई, बीड, माजलगाव, वडवणी, धारूर, केज, अंबाजोगाई, परळी. अकरा तालुके. कुठल्या तालुक्यातून किती नकला निघाल्या तो आकडा आम्हाला कळवा. पुढच्या अंकात कवितांच्या आधी तो छापू.

जय भीम.